ज्या रात्री सूर शुद्ध लागेल

तीन आठवडे झाले,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी यादी
आणि यादीवर तिच्या कपाचे गोल डाग.
यादीत: एका बंद पडलेल्या कचेरीतला मदरबोर्ड,
स्वतःची चूक स्वतः सुधारणारी मेमरी,
सहा डिस्क मावतील असा पत्र्याचा डबा,
आणि माझे हात,
ज्यांनी चौतीस वर्षं रीगाच्या ट्रामच्या मोटारी उघडल्या.
त्यांची किंमत मी धरलेली नाही.

विझ्मा म्हणते, विकत घे.
वीस्तुर्सच्या दुकानात तयार पेटी मिळते, दोन डिस्कची,
पावाच्या डब्याएवढी, वायर लावली की सुरू.
मी म्हणतो, पाच वर्षांनी कंपनी हात वर करणार,
अपडेट बंद, मग ते विकतचं दुखणं.
ती म्हणते, आणि तुझं ते घरगुती.
पंचाहत्तर वॅट, रात्रंदिवस.
जानेवारीतलं विजेचं बिल तूच वाच, मोठ्यानं.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
बांधल्यावर रात्री दोन वाजता
टपकणारं छत कोणी पाहावं,
ते म्हणीत नाही.

हे सगळं कशासाठी, तर तिच्या पियानोंसाठी.
एकतीस वर्षं ती दौगावाच्या दोन्ही काठांवर
पियानो सुरात लावत फिरली
आणि प्रत्येकाचा आवाज टिपत गेली,
लावण्याआधी एकदा, लावल्यावर एकदा.
बोल्देरायाच्या बालवाडीतला, ज्यातून सात पेन्सिली निघाल्या.
किप्सालाच्या कप्तानाच्या विधवेचा, ज्यावर ती टोमॅटोची रोपं ठेवायची.
एका शाळेतला. तिथं आता टायरचं गोदाम आहे.
ती ते कधी ऐकत नाही.
महिन्यातून एकदा विचारते, आहेत ना?
गॅस बंद केलास ना, विचारावं तसं.

नोव्हेंबरात एका रात्री तिनं मला हलवून उठवलं.
"डिस्क उतरली आहे."
"कुठून?"
"सुरातून."
कपाटातली जुनी, एकुलती एक डिस्क
म्हणे मधेच दम खात होती.
मला काही ऐकू आलं नाही,
माझे कान ट्रामनं कधीच खाल्लेत.
पण सुरावरून तिच्याशी वाद घालायचा नाही
हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकलो.

सकाळी वीस्तुर्सनं शटर वर केलं
तेव्हा मी बाहेर उभा, यादी खिशात.
पेटी घेतली. घासाघीससुद्धा केली नाही.
सगळं उतरवून घ्यायला एकोणीस तास लागले,
त्यात बालवाडीचा अर्धा पियानो गेला,
लावण्याआधीचा.
"चालेल," ती म्हणाली, आणि भांडी घासायला उठली.
ती घासलेलीच होती.

आता पेटीत दोन जुळ्या डिस्क, एकीत जे तेच दुसरीत.
लिहिलेलं हुबेहूब, गुणगुणणं मात्र नाही.
दोघींत केसभर फरक,
म्हणून चार सेकंदांनी एकदा आवाज फुगतो, मग ओसरतो.
तिला झोप येईना.
मी तिच्या पिशवीतला नमदा कापला,
पेचकस शोधला,
वॉरंटीच्या चिकटपट्टीवर अंगठा टेकवला.
खोटं कशाला बोलू, आनंदच झाला होता,
शेवटी काहीतरी उघडायला मिळणार म्हणून.

"राहू दे, ओयार्स," अंधारातून ती म्हणाली.
"हेलकावा आहे म्हणजे दोघी आहेत.
ज्या रात्री सूर एकदम शुद्ध लागेल
त्या रात्री उठवीन तुला."

मी पेचकस ठेवला. यादी ठेवली नाही.
आरशातलं घर म्हणजे दुसरं घर नव्हे,
एकीतून पुसलं की दुसरीतूनही पुसलं जातं,
हे तिला अजून सांगायचंय.
त्सेसिसला माझ्या बहिणीचा पोटमाळा रिकामा आहे.
मदरबोर्डही अजून विकला गेलेला नाही,
कालच फोन करून विचारलं.